प्रसूतीनंतरचा रक्तस्राव: स्पायनल की जनरल?

वार गर्भाशयात अडकली आहे, ती काढायला भूल द्यायची आहे, पण रक्त फारसं जात नाही आणि नाडी शांत आहे, अशा वेळी वाद नकोच. स्पायनल द्यावं, म्हणजे पाठीत सुई देऊन शरीराचा खालचा भाग बधिर करणारी भूल. कळांसाठी पाठीत एपिड्युरलचा कॅथेटर (भुलीचं औषध देणारी बारीक नळी) आधीच असेल तर स्पायनलही नको, त्यातूनच डोस वाढवावा. उलट रक्त गोठण्याची क्रिया बिघडली असेल तर पाठीला सुई लावायची नाही, जनरलच, म्हणजे बेशुद्ध करून घशात श्वासाची नळी घालून दिलेली पूर्ण भूल.

अडतं ते मधल्या पेशंटपाशी. नाडी १२०, बीपी अजून बरं, रक्त थांबतंय असं सगळे म्हणतायत. तरुण बाई बीपी बराच वेळ धरून ठेवते, ते आकुंचन पावलेल्या रक्तवाहिन्यांच्या जोरावर. स्पायनल नेमका तोच आधार काढून घेतं.

पण माझा कल बदलला तो वेगळ्याच वैतागामुळे. स्पायनलनंतर बीपी पडलं की कारण सापडत नाही. ब्लॉक, म्हणजे बधिरपणा, वर चढला? ऑक्सिटोसिन (गर्भाशय आवळणारं औषध) घाईत गेलं? की गर्भाशय पुन्हा सैल पडलं? फेनिलेफ्रिन (बीपी वाढवणारं औषध) दिलं की आकडा सुधारतो आणि प्रश्न तसाच राहतो. तेवढ्यात ती अस्वस्थ होते, मळमळतं म्हणते, आणि कार्बोप्रोस्ट (गर्भाशय आवळणारं, पण उलटीही आणणारं औषध) दिलेलं असेल तर उलटीचाही अर्थ लागत नाही. शेवटी जनरल द्यावंच लागतं, तेही हात पसरलेले, उलटी चालू आणि बीपी तळाला असताना. जी नळी आधी निवांत गेली असती, ती सगळ्यात वाईट वेळी घालायची.

जनरल फुकट मिळत नाही, हेही खरं. पोट भरलेलं, घसा सुजलेला. वायुरूप भूल गर्भाशय सैल करते, म्हणून मी ती ०.५ मॅकच्या (मॅक म्हणजे वायुरूप भुलीची मात्रा मोजायचं एकक) आसपास ठेवतो आणि बाकी भार शिरेतून देतो. सुरुवातीला बेशुद्ध करायला प्रोपोफोलपेक्षा केटामाइन हे औषध मला बरं वाटतं, डोस कमी करून. मात्र बाई फार थकली असेल तर केटामाइननेही बीपी पडतं. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड (रक्तस्राव कमी करणारं औषध) १ ग्रॅम आधीच गेलेलं असावं. प्रसूतीनंतर ३ तासांच्या आत दिलं तरच त्याचा उपयोग.

तुमच्याकडे हाताशी दुसरा अनुभवी माणूस नसेल तर गणित बदलू शकतं. पण रक्त चालू आणि नाडी चढती असेल, तर मी आता आधीच जनरल देतो. अपवाद एकच: तोंड नीट न उघडणारी, मान आखूड असलेली बाई, जिच्या घशात नळी घालणं अवघड. तिथे माझंही मत डळमळतं. मग गर्भाशय दोन्ही हातांनी दाबून धरायला सांगतो, रक्त चढवायला सुरुवात करतो आणि गोठण ठीक असेल तर स्पायनलचा विचार करतो.