बार्शी रोडवरचं शेतीगाव: राहायला कसंय, जेवण कसंय आणि शेती खरी आहे का

आधीच सांगतो, जागेचं नाव टाकत नाहीये. खोल्या चारच आहेत आणि त्यांनीच म्हटलं की फोन वाढले की शेतात जायचं राहतं. ठिकाण साधारण सांगतो, सोलापूरहून बार्शी रोडला नान्नज सोडलं की पुढं वडाळ्याच्या बाजूला आत कच्च्या रस्त्यानं. तिकडचा माळ ज्यांना माहितेय त्यांना कळेल, मुरमाड जमीन, गवत आणि मधूनच काळवीटांचा कळप. माळढोक पक्ष्यासाठी 1979 साली अभयारण्य जाहीर झालं तेच हे नान्नज, माळढोक आता जवळपास दिसत नाही ते सोडा. आणि त्याच नान्नजची द्राक्षंपण आहेत, सोनाका जात तिथल्याच नानासाहेब काळेंची. म्हणजे एका बाजूला द्राक्षबाग, फवारणीचे ट्रॅक्टर, दुसऱ्या बाजूला ओसाड माळ, आणि मध्ये ही मंडळी.

मंडळी म्हणजे सात-आठ कुटुंबं. दोन इथलीच, बाकी पुण्याकडची, एक दांपत्य बेंगलोरहून आलेलं. पडीक जमीन घेऊन ती परत जिवंत करायची, तिथंच मातीच्या घरात राहायचं, धान्य-भाजी आपली आपण पिकवायची, पाणी-कचरा-संडास सगळं तिथल्या तिथं जिरवायचं असा कारभार. भारी वाटून आपणपण जागा घेऊ असं कुणाच्या डोक्यात आलं असेल तर थांबा, आपल्याकडं कुळकायद्यामुळं शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सरळ विकत घेता येत नाही. त्यांच्यातपण सातबारा ज्यांच्याकडं आधीपासून होता त्यांच्याच नावावर जमीन आहे, बाकीचे आपापसातल्या करारावर. हे त्यांनी न विचारता सांगितलं, मला आवडलं.

आम्ही जानेवारीत गेलो, हुरडा ऐन भरात होता. मी, बायको, दोन पोरं आणि आई. माणशी दिवसाला 1200 रुपये, दोन वेळचं जेवण-नाश्ता धरून, पोरांना निम्मे. आता 1200 रुपयांत नेहमीच्या हुरडा पार्टीवाल्याकडं बैलगाडी, झोपाळा, रेन डान्स, उसाचा रस, सगळं मिळतं. इथं यातलं काहीही नाही. पोरगा पहिल्या तासातच म्हणला पप्पा वायफाय कुठंय. वायफाय त्यांच्या ऑफिसच्या खोलीत आहे, पाहुण्यांना नाही.

खोल्या म्हणजे माळवदाची घरं, जाड मातीच्या भिंती, वर लाकडी तुळया, त्यावर मातीचा धाबा. रात्री बाहेर हुडहुडी भरलेली आणि आत एका चादरीत भागत होतं (चादर सोलापुरीच होती, नसती तर मीच भांडलो असतो). आमच्या आईचं लहानपण वैरागकडं असल्याच घरात गेलंय, त्यामुळं ती आल्याआल्या मान वर करून धाबा बघायला लागली आणि तिथल्या पोराला म्हणाली, "आरं बाळा, ह्यात काळी माती का मिसळलाव? काळी तडकती की." तिचं म्हणणं, धाब्याला गावठाणातली पांढरीच माती लागते, काळी पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. पोरगं हसलं आणि म्हणलं, आजी बरोबरंय, पहिल्या पावसात गळलं म्हणूनच खाली प्लॅस्टिक अंथरलंय. मातीच्या घरात प्लॅस्टिक. आईनं मग त्याला पन्हाळीचा उतारपण चुकलाय असं सांगितलं आणि ते बेंगलोरचे सर वही घेऊन लिहायला बसले. आर्किटेक्ट आणून बांधलेलं घर म्हणे.

संडास कोरडा आहे, म्हणजे पाणी टाकायचं नाही, वरून राख आणि भुसा टाकायचा, खड्डा भरला की बंद करून ठेवायचा आणि पूर्ण कुजल्यावरच ते खत झाडांना, भाजीला नाही. वास खरंच येत नाही, पण धुवायची जागा बाजूला वेगळी आहे आणि ही सरकासरकी म्हाताऱ्या माणसाला अवघड जाते. आईला दुसऱ्या दिवशी गुडघ्याचा त्रास झाला. त्यांच्याकडं कमोडवाली एकच खोली आहे, बुकिंग करताना मागून घ्या, स्वतःहून सांगत नाहीत. अंघोळीला माणशी एक बादली गरम पाणी, ते सांडपाणी केळीला जातं. एक बादली कमी वाटेल त्यांनी पुढचं पाण्याचं वाचा.

जेवणाला पैकीच्या पैकी. ज्वारीची भाकरी चुलीवरची, शेंगाचटणी उखळात कुटलेली, त्यामुळं तेल सुटून लालभडक गोळा झालेली, तुरीच्या डाळीचं वरण, हरभऱ्याच्या पाल्याची भाजी, एका रात्री शेंगोळे. हुरडा गुळभेंडीचा, शेणकुटाच्या आरात भाजून मावशी हातावर चोळून देत होत्या, पोरांनी चटणी सोडून साखरेबरोबर खाल्ला, जाऊ दे. सकाळच्या चहाला मात्र गूळ, आणि तो फाटतोच कधीकधी. साखर मागितली तर देतात, तोंड जरा वाकडं करून देतात.

आता मुख्य विषय, शेती. मी स्वतः शेतकरी नाही पण घरची बार्शी तालुक्यात कोरडवाहू जमीन आहे, चुलते करतात, त्यामुळं नुसतं ऑरगॅनिक ऑरगॅनिक म्हणून कुणी गंडवायला बघितलं तर कळतं. तिथल्या अण्णांनी (हे मूळचे त्याच गावचे) दोन काचेचे ग्लास पाण्यानं भरून ठेवले, एकात शेजारच्या नांगरलेल्या रानातलं ढेकूळ सोडलं, दुसऱ्यात आच्छादनाखालचं. पहिलं ढेकूळ बघता बघता विरघळलं, पाणी चहासारखं गढूळ. दुसरं तसंच बसलेलं, चहा पिऊन आलो तरी आकार तोच, बाजूनं बारीक बुडबुडे. कारण काय तर मातीत कुजलेला पालापाचोळा आणि मुळं असली की त्यातले जीवाणू आणि बुरशी कणांना चिकटवून धरतात, मग पाऊस पडला की माती वाहत नाही, पाणी आत जिरतं. आपल्याकडच्या जमिनीत सेंद्रिय कर्ब बहुतेक ठिकाणी अर्ध्या टक्क्याच्या खाली, माती परीक्षणाच्या कार्डावर "कमी" असंच येतं. ह्यांच्या जुन्या प्लॉटचा वाढलाय, नव्या प्लॉटचा अजून तसाच आहे, दोन्ही रिपोर्ट भिंतीवर लावलेत. नापास झालेला रिपोर्टपण लावलाय म्हणून विश्वास बसला.

आणि एक बारकी गोष्ट जी मला सगळ्यात जास्त पटली. आपल्याकडं शाळू (रब्बी ज्वारी) काढताना धाट मुळासकट उपटतात, पिढ्यान्‌पिढ्या तसंच. हे लोक विळ्यानं कापतात आणि धसकटं जमिनीतच ठेवतात, मुळं आत कुजली की पुढच्या पावसाला तिथनं पाणी उतरतं. ऐकायला सोपंय, पण कापल्यानं कडबा वीतभर कमी भरतो आणि धसकटं पायात शिरतात म्हणून काढणीच्या बायका नको म्हणतात. शाळूत अर्धा पैसा कडब्याचा असतो राव, वीतभर म्हणजे थोडं नाही.

बाकी समतल चर काढलेत, बांधावर गिरीपुष्प आणि शेवरी, दोन ओळी तुरीच्या मध्ये मटकी-हुलगा, पावसाळ्याच्या तोंडाला ताग पेरून गाडायचा, दोन खिलार गायी, जीवामृताची (शेण-गोमूत्र-गूळ आंबवून केलेलं पाणी) टाकी. हे सगळं काय काल शोधलेलं नाही, सोलापूरला कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र 1933 पासून आहे, बांधबंदिस्ती आणि ओल धरून ठेवायचं कामच तिथं झालं, आणि जिल्ह्यात बरेच जण जी मालदांडी 35-1 ज्वारी पेरतात ती मोहोळच्या केंद्रावरची निवड. मोहोळ तालुक्यातच अंकोलीला अरुण देशपांडे यांनी विज्ञानग्राम उभं केलंय, पाणी साठवायचा तिथला प्रयोग बघायला लांबून लोक येतात. म्हणून ह्यांच्या माहितीपत्रकात "या भागात प्रथमच" असं छापलंय ते काढून टाकावं, अण्णांना सांगितलंय.

पाण्याचं खरं काय ते विचारलं. जिल्ह्याचा पाऊस वर्षाला 550 मिलिमीटरच्या आसपास, तोपण सप्टेंबरात एकदम येणारा, उजनी धरणाचं पाणी या माळावर येत नाही. शेततळं आहे, विहीर आहे, फेब्रुवारीपर्यंत निभतं. एप्रिल-मेमध्ये पाहुणे बंद ठेवतात आणि तरीपण गेल्या उन्हाळ्यात टँकर घ्यावा लागला हे त्यांनी कबूल केलं. मग डाळिंब का लावलंय विचारलं तर म्हणाले पन्नासच झाडं आहेत, मडक्याच्या ठिबकावर. तेल्या रोग आला होता, फवारलं नाही, निम्मी गेली.

आता पैशाचं. मला तिथं राहण्यापेक्षा शेजारी काय म्हणतात यात जास्त रस होता, म्हणून सकाळी फिरायला निघालो आणि बांधापलीकडच्या काकांशी गप्पा मारत बसलो. काका एकदम रोखठोक. म्हणले, "माणसं चांगली हैत, पण त्यांना कुठं ज्वारीचा भाव बघावा लागतो ओ, पाव्हणे येत्यात की." आणि खरंय ते. जेवढं खातात तेवढं पिकतं पण रोख पैसा पाहुणे आणि शेती शिकवायची शिबिरं यातनंच येतो, हे त्यांच्याकडच्या ताईंनीपण मान्य केलं. मग काकांना विचारलं तुम्ही यांचं काय घेतलं का. तर त्यांनी बांधाला गिरीपुष्प लावलंय, उसाचं पाचट जाळायचं सोडलंय, उताराला आडवी पेरणी चालू केलीय. जीवामृत नाही जमलं. नैसर्गिक शेतीवाले सुभाष पाळेकर गुरुजी एका देशी गाईवर 30 एकर म्हणतात, एकरी 10 किलो शेण पुरतं हेपण काकांना मान्य, पण एकरी 200 लिटर म्हणजे त्यांच्या पाच एकराला एका खेपेला 1000 लिटर, ते ढवळायचं, गाळायचं, रानात न्यायचं आणि महिन्याला परत. घरात माणसं दोन. यांच्याकडं शिबिराची पोरं असतात हाताशी. शाळू कापायचं तर विचारूच नका म्हणले, कडब्याचं नुकसान कोण भरून देणार.

माझ्या मते यातच सगळा हिशोब आला. तीन गोष्टी बांध ओलांडून गेल्या, दोन नाही गेल्या, आणि का नाही गेल्या ते शिबिरात शिकवत नाहीत. शिबिरात काकांना एक तास बोलवा म्हणून सांगून आलोय.

एक तक्रार गंभीर आहे. शिबिरवाली पोरं सकाळी तासभर खुरपणी करतात, फोटो काढतात, नंतर गोल करून बसून मनोगत. त्याच रानात गावातल्या बायका दिवसभर रोजानं खुरपतात. रोज गावच्या भावापेक्षा जरा जास्तच देतात, मी मावशींना विचारलं, आणि दुपारचं जेवण एकाच पंगतीत, ते बरंय. पण संध्याकाळच्या गोलात त्यातली एकपण नव्हती. त्यांना घरी जायची घाई असते असं उत्तर मिळालं. मग गोल दुपारी जेवणानंतर घ्या की, त्याला काय पैसे पडतात?

जायचं असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी. वेळ अमावस्येला (रानात पूजा करून जेवायचा सण) त्यांच्याकडं गावातली माणसं येतात, आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे, त्या दिवशी पाहुण्यांकडनं पैसे घेत नाहीत पण मुक्कामाला जागा नसते. पावसाळ्यात कार घेऊन जाऊ नका, शेवटचा पट्टा काळ्या रानातनं जातो, चाक रुतलं की बैलच लागतात. बसनं गेलात तर फाट्यावर उतरून आधी फोन करा, टमटम पाठवतात, तिचे पैसे वेगळे. टॉर्च न्या, जुने बूट न्या. ज्यांना नुसता हुरडा आणि फोटो पाहिजेत त्यांनी नान्नजच्या अलीकडंच थांबावं, रोडला बक्कळ सोय आहे.

येताना तुरीची डाळ घेतली, सालाचा वास धरलेली, एका शिट्टीत शिजते, घ्याच. शेंगाचटणी ठीक, पण गावातली जुन्या दुकानातली त्यापेक्षा चांगली आणि स्वस्त. ज्वारी मार्केट यार्डातल्या भावाच्या जवळपास दुप्पट लावलीय, घेतली नाही.