लांब उडीचे थेट प्रक्षेपण : चित्र उत्तम, मांडणी सदोष

यूजीन येथे जुलै २०२२ मध्ये झालेल्या जागतिक ॲथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धेतील पुरुषांच्या लांब उडीची अंतिम फेरी मी वर्गणी भरून घेतलेल्या एका ॲपवर पाहिली. चित्राच्या दर्जाबद्दल तक्रारीला जागा नाही. संथगतीने दाखवलेल्या दृश्यांत बुटाचे टोक झेप घ्यायच्या फळीच्या पुढच्या कडेशी येऊन टेकते तो क्षण इतका स्वच्छ दिसत होता की लाल झेंडा वर जाण्याआधीच उडी बाद झाल्याचे कळत होते. नोव्हेंबर २०२१ पासून नियम बदलला असून, उडी घेताना बुटाचा कोणताही भाग फळीच्या त्या कडेवरच्या उभ्या प्रतलापलीकडे (कडेवर सरळ उभ्या असलेल्या काल्पनिक भिंतीपलीकडे) गेला, मग तो जमिनीला टेकलेला असो वा नसो, तर उडी अवैध ठरते. त्यामुळे हे दृश्य म्हणजे नुसती सजावट नव्हे, निकालाचा पुरावाच असतो.

अडचण आहे ती मांडणीत. लांब उडीची अंतिम फेरी ही सहा प्रयत्नांची, हळूहळू चढत जाणारी कथा असते. त्या स्पर्धेत बारा जणांपैकी पहिल्या आठांनाच शेवटचे तीन प्रयत्न मिळत होते. प्रक्षेपकांनी मात्र शर्यतींमधल्या मोकळ्या वेळेत भरायचे सामान म्हणून तिचा वापर केला. भारताच्या श्रीशंकर मुरलीची ७.९६ मीटरची पहिली उडी दाखवली, हे मान्य. त्याच उडीवर तो अखेर सातवा आला. पण मधल्या फेऱ्यांत तो कितव्या स्थानावर आहे हे समजायला मला दुसऱ्या पडद्यावर निकालपत्रक उघडावे लागले, आणि पैसे मोजलेल्या प्रेक्षकावर अशी वेळ येणे मला पटत नाही.

खरा घात शेवटच्या फेरीत झाला. चीनचा वांग जियानान पाचव्या स्थानावर होता आणि ग्रीसचा मिल्तियादिस तेंतोग्लू ८.३२ मीटरवर आघाडीवर. वांगने ८.३६ मीटरची उडी घेऊन सुवर्णपदक खेचून नेले, आणि या प्रकारात जागतिक विजेता ठरलेला तो आशियातला पहिला पुरुष. ही उडी आम्हाला थेट दिसलीच नाही. धावपटूंची ओळख करून देणे चालू होते. नंतर ती चित्रमुद्रित स्वरूपात आली तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यात त्याच्या नावापुढे पहिला क्रमांक आधीच झळकत होता, त्यामुळे वाळूतून उठून अंतराच्या फलकाकडे पाहणाऱ्या त्या माणसाची घालमेल आमच्यापर्यंत पोहोचलीच नाही.

समालोचक जाणकार होते, परंतु वाऱ्याचा वेग त्यांनी क्वचितच सांगितला. सेकंदाला २ मीटरपेक्षा जास्त अनुकूल वारा असल्यास ती उडी विक्रमासाठी धरत नाहीत, एवढे सांगायला अर्धे मिनिटही लागत नाही. प्रत्येकाची दुसरी सर्वोत्तम उडीही तक्त्यात हवी होती. टोकियो ऑलिंपिकमध्ये तेंतोग्लू आणि क्युबाचा हुआन मिगेल एचेवारिया या दोघांची झेप ८.४१ मीटरच होती, आणि सुवर्णपदक कोणाचे हे ८.१५ विरुद्ध ८.०९ अशा दुसऱ्या उडीवर ठरले होते.

शर्यतींपुरते हे ॲप मी बिनदिक्कत सुचवीन. उड्या आणि फेकीचे प्रकार आवडणाऱ्यांनी मात्र त्यांच्यासाठी स्वतंत्र प्रवाह आहे का, हे वर्गणी भरण्यापूर्वी तपासून घ्यावे. तो नसेल तर मी स्वतः पुढच्या स्पर्धेला पैसे भरणार नाही.