मायएसक्यूएलचे व्ह्यू : आठ महिने वापरल्यावर

अप्पा बळवंत चौकाजवळ आमचं वह्या-पुस्तकांचं होलसेल दुकान आहे. ऑक्टोबरपासून हिशेब मायएसक्यूएल ८.० या डेटाबेसवर आहे, आणि त्यात सगळ्यात कामाला आलेली गोष्ट म्हणजे व्ह्यू, टेबलांतून हवं तेवढंच दाखवणारी खिडकी. विक्री, जमा, परतावा अशा चार टेबलांतून निघणारी 'थकबाकी' ही एकच यादी काउंटरवरच्या दोघा पोरांना दिसते. मूळ टेबलांना त्यांना हात लावता येत नाही. जूनपर्यंत मी तिकडे वळूनही पाहिलं नाही.

शाळा उघडायच्या तोंडावर, गुरुवारी सकाळी, यादी उघडेना. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, म्हणून आधी संशय विजेवर, मग यूपीएसवर. सर्व्हर दोनदा बंद-चालू केला. टेबलं उघडून पाहिली तर माल जागच्या जागी. बॅकअप चढवायला बसलोच होतो, एवढ्यात भाच्याने फोनवर अडवलं, "मामा, आधी एररचा नंबर तरी वाचा!"

नंबर होता १४४९. म्हणजे डिफायनर, व्ह्यू ज्याच्या नावावर आहे तो युजरच जागेवर नाही.

व्ह्यूच्या पोटात डेटा नसतो. ती नाव देऊन ठेवलेली क्वेरी, म्हणजे टेबलांना विचारायचा प्रश्न. बनवणाऱ्या युजरचं नाव तिच्यात डिफायनर म्हणून जातं, आणि वेगळं काही सांगितलं नसेल तर व्ह्यू त्याच्याच अधिकारावर चालतो, बघणाऱ्याच्या नाही. म्हणून तर पोरांना टेबलं बंद असूनही यादी दिसायची. सिस्टिम बनवून देणारा मुलगा हिंजवडीला नोकरीला लागला, आणि बुधवारी रात्री फार मोठी सुरक्षा केल्याच्या थाटात मी त्याचं लॉगिन उडवलं होतं. ८.०.२२ पासून असा युजर सहसा उडवू देत नाही, पण मी रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला युजर होतो. मला नुसती एक वॉर्निंग आली. ती कोण वाचतंय!

उपाय वीस मिनिटांचा. 'शो क्रिएट व्ह्यू'ने व्याख्या काढली, त्या चार टेबलांवर फक्त वाचायचा अधिकार असलेला 'हिशेब' नावाचा युजर केला आणि 'ऑल्टर व्ह्यू'ने डिफायनर बदलला. तो अकाउंट लॉक केलाय; लॉगिन होत नाही, व्ह्यू मात्र चालतो. मग इन्फर्मेशन स्कीमात, म्हणजे डेटाबेसच्या स्वतःच्या नोंदवहीत शोधलं, तर त्या मुलाच्या नावावर आणखी दोन व्ह्यू आणि एक ट्रिगर (टेबलात बदल झाला की आपोआप चालणारी सूचना) निघाला. ट्रिगर शनिवारच्या गर्दीत अडला असता.

बाकी तक्रारी किरकोळ, पण आहेत. 'सिलेक्ट स्टार'ने, म्हणजे 'सगळे कॉलम दे' म्हणून केलेल्या व्ह्यूत टेबलाला नंतर जोडलेला कॉलम येत नाही. कॉलमांची यादी व्ह्यू बनवतानाच गोठते. कॉलमचं नाव बदललं तर मायएसक्यूएल तेव्हा गप्प बसतं आणि व्ह्यू उघडताना १३५६ नंबरची एरर दाखवतं. पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस इथे शहाणा: नाव बदललं तर व्ह्यू आपोआप सांभाळतं, आणि वापरात असलेला कॉलम काढायला गेलं तर सरळ नकार देतं.

वेगाचं म्हणाल तर, ग्रुप बाय (नोंदींचे गट करून बेरीज) असलेला व्ह्यू दर वेळी तात्पुरतं टेबल बनवतो, आणि निकाल साठवून ठेवणारे मटेरियलाइज्ड व्ह्यू इथे नाहीत. नोंदी वाढल्या तशी थकबाकी रेंगाळू लागली, म्हणून आता रोज रात्री ती वेगळ्या टेबलात भरून ठेवतो. त्यामुळे काउंटरवर दिसतं ते कालपर्यंतचं. गिऱ्हाईक तसंही म्हणतं, "आज सकाळीच भरले की!"