तुतीवरील तुक्र्यासाठी क्रिप्टोलेमस भुंगेरे: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

पुण्यालगत हवेली तालुक्यात माझी एक एकर व्ही-१ जातीची तुती आहे. यंदा फेब्रुवारीअखेर तिच्या शेंड्यांवर तुक्रा, म्हणजे पिठ्या ढेकूण या रस शोषणाऱ्या किडीमुळे येणारी विकृती, दिसू लागला. कोवळी पाने आक्रसून गडद हिरवी झाली, पेरी आखूड पडली आणि शेंडा उलगडला की आत गुलाबी पिठ्या ढेकूण पांढऱ्या कापसाखाली दडलेला सापडे. कीटकनाशक मला नकोच होते, कारण हाच पाला थोड्या दिवसांत रेशीम अळ्यांच्या तोंडी जातो आणि औषधाचा अंश उरला तर अख्खी बॅच हातची जाते. म्हणून मार्चमध्ये पिठ्या ढेकूण खाणाऱ्या क्रिप्टोलेमस या मित्रकीटकाचे 250 प्रौढ भुंगेरे मागवले.

पार्सल उन्हात राहिल्याने त्यांतले बरेच मेलेले निघाले आणि पुरवठादाराने ते बदलूनही दिले नाहीत, याचे मला आजही वाईट वाटते. उरलेले भुंगेरे ऊन उतरल्यावर सर्वाधिक लागण असलेल्या ओळींत सोडले.

तीन आठवड्यांनी एका शेंड्यावर नेहमीपेक्षा मोठा, पांढऱ्या मेणाच्या झालरी असलेला ढेकूण दिसला. मी तो चिरडणार, तोच तो चटचट पुढे सरकला. पिठ्या ढेकूण असा चालत नाही. भिंगातून पाहिल्यावर ध्यानात आले की ती भुंगेऱ्याचीच अळी होती आणि ढेकणाची अंडी फस्त करत होती. पाला तोडणाऱ्या बायकांना मी त्याच दिवशी ती दाखवून ठेवली, कारण त्याआधी अशा किती अळ्या आमच्याच हातून मेल्या असतील याचा अंदाज करवत नाही. लागण झालेले शेंडे खुडून साबणाच्या पाण्यात बुडवण्याचे कामही आम्ही भुंगेरे सोडण्यापूर्वीच उरकले होते. नंतर खुडले असते तर भुंगेऱ्यांची अंडी-अळ्याही शेंड्यांबरोबर गेल्या असत्या.

मुंग्यांचा त्रास मात्र मोठा आहे. ढेकणाच्या गोड चिकट स्रावासाठी त्या त्याची राखण करतात आणि भुंगेऱ्यांना हुसकावतात. बांधाकडेची त्यांची घरे खणून काढल्यावरच त्या ओळींत फरक पडला.

जूनपर्यंत तुक्रा शोधावा लागे इतका कमी झाला. त्यात खुडणीचा आणि पावसाचाही वाटा आहे, तरी सप्टेंबरच्या उघडिपीत तो पुन्हा वाढला नाही, याचे श्रेय मी भुंगेऱ्यांनाच देतो.

पाने गुंडाळणाऱ्या अळीवर किंवा भुरी या बुरशीजन्य रोगावर यांचा उपयोग नाही. आता थंडीच्या तोंडावर पानांच्या खालच्या बाजूस भुरीचे पांढरे ठिपके दिसू लागले आहेत, त्यासाठी दाटलेल्या फांद्या विरळ करत आहे. भुंगेरे फेब्रुवारीत पुन्हा मागवीन, मात्र पार्सल एका रात्रीत पोहोचेल अशाच ठिकाणाहून.