ट्रान्सग्लुटामिनेजने अँटिबॉडीला रंग जोडण्याचा आठ महिन्यांचा अनुभव

छत्रपती संभाजीनगरमधील एका महाविद्यालयाच्या छोट्या प्रयोगशाळेत मी पेशींवरील प्रथिने ओळखण्यासाठी लागणाऱ्या, रंग जोडलेल्या अँटिबॉडी स्वतः तयार करते. अनेक वर्षे हे काम एनएचएस एस्टर या, रंगाला प्रथिनाशी जोडणाऱ्या रासायनिक गटावरच चालत आले. रंग डीएमएसओ या द्रावकात विरघळवायचा, अँटिबॉडीत मिसळायचा आणि तासाभराने उरलेला मोकळा रंग गाळून काढायचा, इतके ते सोपे. मात्र आयजीजी या नेहमीच्या प्रकारच्या अँटिबॉडीच्या एका रेणूवर लायसिन या अमिनो आम्लाच्या, म्हणजे या पद्धतीने रंग बसू शकेल अशा, सुमारे ऐंशी ते नव्वद जागा असतात आणि त्यांपैकी कोणत्या जागेवर रंग बसेल, हे आपल्या हाती नसते. त्यामुळे एका खेपेला रेणूमागे सरासरी तीन रंग, तर तीच कृती पुन्हा करून पाच, असे आमच्याकडे नेहमी होई; पाचच्या पुढे गेले की नळीच्या तळाशी साकाही दिसू लागे. गेल्या ऑगस्टपासून मी ही पद्धत बाजूला ठेवून मायक्रोबियल ट्रान्सग्लुटामिनेज वापरते आहे.

हे एन्झाइम स्ट्रेप्टोमायसिस मोबाराएन्सिस या जिवाणूपासून मिळते आणि खाद्यउद्योगात माशांचा लगदा किंवा मांसाचे तुकडे एकमेकांना चिकटवण्यासाठी वापरले जाते. ग्लुटामिन या अमिनो आम्लाच्या बाजूच्या साखळीला ते एखादे अमाइन (नायट्रोजनचा गट असलेले संयुग) जोडते आणि त्या क्रियेत अमोनिया बाहेर पडतो. मानवी आयजीजी१ मध्ये ग्लुटामिन पुष्कळ असले, तरी या एन्झाइमला सोयीचे पडते ते जड साखळीवरील २९५ क्रमांकाचे, आणि तेसुद्धा शेजारच्या २९७ क्रमांकावरील शर्करेची साखळी काढून टाकल्यावरच. म्हणून आधी पीएनगेज एफ या दुसऱ्या एन्झाइमने ही शर्करा काढावी लागते, मग अझाइड (तीन नायट्रोजन अणूंचा गट) असलेले अमाइन ट्रान्सग्लुटामिनेजने जोडायचे आणि शेवटी डीबीसीओ हा अझाइडशी आपोआप जुळणारा गट लावलेला रंग त्या अझाइडवर बसवायचा. या शेवटच्या पायरीला तांबे लागत नाही. ज्या क्लिक रसायनशास्त्राला २०२२ चे नोबेल मिळाले, त्याच घराण्यातील ही क्रिया आहे. जड साखळ्या दोन, म्हणून जागाही दोन.

पहिले दोन महिने मला अपयशच आले, आणि त्यात दोष एन्झाइमचा नव्हता. विकत घेतलेल्या अँटिबॉडीत ती टिकावी म्हणून बहुधा सोडियम अझाइड घातलेले असते, हे मला ठाऊक होते. त्याचा अर्थ मात्र मी हिशेब करून पाहिला नव्हता. ०.०२ टक्के सोडियम अझाइड म्हणजे सुमारे ३ मिलिमोलर, आणि १ मिलिग्रॅम प्रति मिलिलीटर अँटिबॉडी म्हणजे जेमतेम ६.७ मायक्रोमोलर, म्हणजे अझाइड साडेचारशे पट अधिक. ते पुरते न काढता डीबीसीओचा महागडा रंग घातला, तर तो अँटिबॉडीकडे वळण्याआधीच या अझाइडच्या तोंडी जातो. हीच गत चाळीस पट घातलेल्या आणि न जोडता उरलेल्या अमाइनचीही होते, कारण अझाइड त्याच्यावरही आहे. एकदा गाळून भागेल असे समजून मी रंग घातला, तेव्हा रेणूमागे ०.४ इतकाच रंग मिळाला. आता रंग घालण्यापूर्वी बफर निदान चार वेळा बदलते आणि त्यात आळस करत नाही.

त्यानंतरच्या ज्या जेलने माझे मत पक्के केले, ती अजून डोळ्यांसमोर आहे. साखळ्या सुट्या करणारे बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल घालून उकळलेले दोन नमुने शेजारी शेजारी चालवले आणि सगळी प्रथिने दाखवणाऱ्या कुमॅसी या रंगाने रंगवण्याआधी जेल निळ्या प्रकाशाखाली धरली. जुन्या पद्धतीच्या रांगेत ५० आणि २५ किलोडाल्टनला (रेणूच्या वजनाचे एकक), म्हणजे जड आणि हलकी अशा दोन्ही साखळ्यांवर, हिरवे पट्टे दिसत होते. एन्झाइमच्या रांगेत मात्र एकच पट्टा होता, ५० च्या किंचित खाली, कारण शर्करा गेलेली जड साखळी थोडी पुढे सरकते. हलक्या साखळीची जागा पूर्ण काळी होती. तीच जेल कुमॅसीने रंगवल्यावर अडतिसाच्या आसपास एक पुसट पट्टा उमटला आणि माझा उत्साह थोडा ओसरला, कारण तो दोन्ही एन्झाइमांचा उरलेला अंश होता. त्यांची वजने इतकी जवळ आहेत की जेलवर ती वेगळी ओळखू येत नाहीत. ३० किलोडाल्टनच्या गाळणीतून ती खाली जात नाहीत. म्हणून अझाइड जोडून झाल्यावर अँटिबॉडी, तिला धरून ठेवणाऱ्या प्रोटीन ए वर पकडून धुते; शर्करा काढली तरी ही पकड टिकते.

आमच्या भागाच्या हवामानाचा त्रास वेगळाच. डिसेंबरात सकाळी डीएमएसओची बाटली पालथी केली तरी आतले द्रव हलत नसे, कारण ते १८.५ अंशांना गोठते. ती हातात धरून बसावे लागे. मार्चमध्ये याच्या अगदी उलट घडले. रात्रीच्या बसने आलेले एन्झाइमचे पार्सल आमचे प्रयोगशाळेतील मामा पहाटे स्थानकावरून घेऊन आले, तेव्हा बर्फाचे पाणी झालेले होते. त्या कुपीने काम केले, पण मंदगतीने. आता मागवणी थंडीतच करायची असे ठरवले आहे, आणि आलेले एन्झाइम छोटे भाग करून उणे २० ला ठेवते.

आजवरच्या शेवटच्या सहा खेपांत २८० आणि ४९५ नॅनोमीटरवरील शोषणावरून काढलेला, रेणूमागे किती रंग बसले याचा आकडा १.७ ते १.९ च्या बाहेर गेला नाही, आणि मला हवे होते ते नेमके हेच. आणखी एक लाभ अनपेक्षित होता. शर्करा गेल्याने, पेशींवर अँटिबॉडीचा बुंधा धरणाऱ्या एफसी ग्राहींची पकड जवळजवळ सुटते, त्यामुळे मॅक्रोफेजसारख्या पेशींवरील नको असलेली चमक कमी झाली. मात्र ज्यांना अँटिबॉडीकडून रोगप्रतिकारक पेशींना बोलावण्याचे काम करून घ्यायचे आहे, त्यांच्यासाठी हाच दोष ठरेल. त्यांनी शर्करेवरच रंग बसवणारी पद्धत पाहावी.

रंगाच्या जागी औषध जोडणाऱ्यांची अडचणही याच जातीची आहे. अमेरिकेत २०१३ मध्ये मंजूर झालेले टी-डीएम१ हे कर्करोगावरील अँटिबॉडी-औषध लायसिनवर जोडलेले असते आणि त्यात रेणूमागे सरासरी साडेतीन औषधे असतात, म्हणजे प्रत्यक्षात त्या कुपीत कमी-अधिक औषध लागलेल्या रेणूंचे मिश्रण असते. अशी विषारी औषधे हाताळण्याची सोय आमच्याकडे नाही, त्यामुळे त्याविषयी स्वानुभव सांगता येत नाही. पण ज्यांना वर्षातून एखाद्या वेळीच, तेही केवळ एलिसा या चाचणीसाठी, बायोटिन जोडायचे असते, त्यांनी तीन दिवसांच्या या खटाटोपात पडू नये. त्यांचे काम एनएचएसवर दुपारपर्यंत उरकते, आणि मीही तशा नमुन्यांसाठी जुनी बाटली अजून फ्रीजमध्ये ठेवली आहे.