मोंत्रेदोंचा बुधवारचा बाजार: चीज मस्त, पार्किंगची बोंब

उन्हाळ्यात दक्षिण फ्रान्सला येणार असाल आणि गाडी असेल तर लार्झाकच्या पठारावर मोंत्रेदोंला जाच, पण बुधवार बघून जा, कारण जुलै-ऑगस्टमधे शेतकऱ्यांचा बाजार बुधवारी संध्याकाळीच भरतो. स्टॉलवरून चीज, ब्रेड, वाइन घ्यायची, कोकराचं मटण भाजून घ्यायचं आणि बाकावर जागा मिळेल तिथे बसून हाणायचं. रोकफोर हे इथलं मेंढीच्या दुधाचं चीज सगळ्यांना झेपेल असं नाही, निळी बुरशी, वर खारट, नवऱ्याने एक घास खाऊन माझ्याकडे सरकवलं. मला मेंढीच्या दुधाचं ताजं चीज त्याहून जास्त आवडलं.

आणि हा बाजार जिथे भरतो ती जागा मिलिटरीच्या घशात गेलेली परत आलेली आहे बरं का. १९७१ मधे संरक्षणमंत्री मिशेल दब्रेंनी इथला लष्करी कॅम्प ३ हजार हेक्टरवरून १७ हजार करायचं जाहीर केलं, सरकारच्या लेखी पठार ओसाड. ओसाड कसलं, रोकफोरला दूध जायचं की इथून! मार्च १९७२ मधे १०३ शेतकऱ्यांनी जमीन सोडणार नाही अशी लेखी शपथ घेतली. त्याच सुमाराला लांझा देल वास्तो या इटालियन गांधीवाद्याने तिथे १५ दिवस उपास केला, हा माणूस १९३७ मधे आपल्या वर्ध्याला गांधीजींकडे येऊन राहिलेला, शांतिदास हे नाव गांधीजींनीच दिलेलं. चीजवाल्या आजोबांना वर्धा माहीत होतं, पुणे नाही :)

मग काय, आयफेल टॉवरखाली मेंढ्या चारायला नेल्या, जमिनीचे छोटे छोटे शेअर करून देशभरातल्या लोकांना विकले म्हणजे सरकारला जमीन घ्यायची तर हजारो मालकांशी भांडत बसावं लागेल, समर्थकांनी टॅक्समधले ३ टक्के सरकारला न भरता इकडे पाठवले आणि त्या पैशातून पठारावरच्या ला ब्लाकिएर वस्तीत परवानगी न घेता चांगला दगडी मेंढवाडा उभा केला. मोंत्रेदों तर सैन्याने विकतच घेतलेलं, तिथे १९७६ मधे जोझे बोव्हे (पुढे गाजलेला शेतकरी नेता) वगैरे मंडळी घुसली आणि शेती करत राहिली. १९८१ ला मितराँ राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले तेव्हा कुठे प्रकल्प रद्द झाला.

मला सगळ्यात भारी वाटलं ते पुढचं. सरकारने घेऊन ठेवलेली ६३०० हेक्टर जमीन १९८५ पासून शेतकऱ्यांच्याच संस्थेकडे भाडेपट्ट्याने आहे, पट्टा वाढवून आता २०८३ पर्यंत. कसतोय तोवर तुझी, रिटायर झालास की पुढच्याची, विकायचा प्रश्नच नाही. आमच्या गावी हे सांगून बघा, भावकी सातबारा घेऊन अंगावर येईल.

तक्रारी आहेतच. रस्त्याच्या कडेला गाड्यांची ही रांग, उशिरा गेलात तर मटणाला ताटकळायचं, सगळ्या पाट्या फ्रेंचमधे. जुना कॅम्प ला काव्हालरीला अजून आहे, हल्ली तिथे फॉरेन लीजन (फ्रेंच सैन्यातलं परदेशी सैनिकांचं दल) असते, तेव्हा गूगल मॅप दाखवेल त्या कच्च्या रस्त्याला लागू नका. शाकाहारी लोकांनी चीज, ब्रेड आणि सॅलडवर भागवायची तयारी ठेवा, सोबत चटणीची डबी असेल तर उत्तम. ५ पैकी ४ स्टार, रोख पैसे आणि जॅकेट घेऊन जा, ऑगस्टमधेसुद्धा रात्री वारा जाम बोचतो.