विद्यापीठाचे आरोग्य केंद्र : उपचार चोख, दार मात्र अडचणीचे

पुण्यातील ज्या विद्यापीठात मी पदव्युत्तर शिक्षण घेत आहे, तेथील आरोग्य केंद्राविषयी वसतिगृहात फारसे चांगले बोलले जात नाही. ‘तिथे पॅरासिटामॉलशिवाय काही मिळत नाही’ असे सांगून सीनियर मुले नव्या मुलांची परस्पर बाहेरच्या दवाखान्यात रवानगी करतात, आणि विद्यापीठाचे कर्मचारी मात्र त्याच केंद्रात सहकुटुंब रांगेत बसलेले दिसतात. माझ्या मते या प्रकरणात कर्मचाऱ्यांची पारख खरी आहे. केंद्रातील वैद्यकीय काम चांगले आहे. विद्यार्थी तेथे जात नाहीत, याचे कारण उपचारांत नसून केंद्राच्या वेळा, जागा आणि नोंदवही यांत आहे.

ओळखपत्र दाखवले की केसपेपर निघतो. आरोग्य शुल्क प्रवेशाच्या वेळीच घेतलेले असल्यामुळे तपासणीचे आणि नेहमीच्या गोळ्यांचे वेगळे पैसे पडत नाहीत. सिस्टर ताप, वजन आणि रक्तदाब पाहून नोंद करतात आणि मग डॉक्टर मॅडम निवांतपणे विचारपूस करतात. पॅरासिटामॉलची तक्रार तर मला प्रशंसाच वाटते. साध्या विषाणूजन्य तापात प्रतिजैविकांचा काही उपयोग नसतो, आणि ती न देण्याचा ठामपणा सगळ्याच दवाखान्यांत आढळतो असे नाही.

मॅडमच्या कामाची खरी ओळख मला आमच्या मजल्यावर खरजेची लागण झाली तेव्हा पटली. एकाच खोलीत तिघे-चौघे, टॉवेल आणि पांघरुणांची देवाणघेवाण, अशा ठिकाणी खरूज एकट्याला होत नाही. तरीही बाहेरच्या दवाखान्यांतून मुले प्रत्येकी एक मलमाची ट्यूब घेऊन येत होती, खाज सुटेल तिथेच ते मलम चोळत होती आणि पंधरा दिवसांनी पुन्हा खाजवत होती. मॅडमनी पहिल्या रुग्णाबरोबर त्याच्या सगळ्या रूम पार्टनरना बोलावून घेतले. पर्मेथ्रिनचे मलम मानेपासून तळपायापर्यंत, बोटांच्या बेचक्यांत आणि नखांच्या खालीसुद्धा, सर्वांनी एकाच रात्री लावायचे, सकाळी अंघोळ करून काढायचे आणि आठवड्याने हेच पुन्हा करायचे, असे त्यांनी कागदावर लिहून दिले. चादरी आणि कपडे गरम पाण्यात धुवायचे, आणि जे धुता येत नाही ते प्लॅस्टिकच्या पिशवीत काही दिवस बांधून ठेवायचे, हेही त्यात होते. किडे मेल्यानंतरही खाज दोन-तीन आठवडे राहू शकते, म्हणून घाबरून रोज मलम फासू नये, ही सूचना तर आम्हांला तोवर कोणीच दिली नव्हती. आजार एकाचा असला तरी उपचार अख्ख्या खोलीचा करावा लागतो, हे वसतिगृहाजवळच्याच डॉक्टरला सुचते.

पावसाळ्यात डेंग्यूचेही तसेच. ताप आल्यावर पहिल्या चार-पाच दिवसांत एनएस-1 ही डेंग्यूच्या विषाणूचे प्रथिन शोधणारी रक्तचाचणी उपयोगी पडते. नमुना येथेच घेतात, परंतु तपासणी बाहेर होते आणि अहवालाला दुसरा दिवस उजाडतो. मॅडम ताप उतरल्यावर मुद्दाम पुन्हा बोलावतात, कारण डेंग्यूत धोका बहुधा त्याच सुमारास वाढतो. ताप गेला म्हणजे आजार गेला, असे समजून बहुतेक मुले येत नाहीत. त्यांना आठवण करून देणारा एक साधा संदेश केंद्राकडून का जाऊ नये, हे कोडेच आहे. परीक्षा शुल्क थकले तर विद्यापीठाचे संदेश दिवसातून दोनदा येतात.

मुलींसाठी हिमोग्लोबिनची तपासणी वर्षातून एकदा शिबिरात होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता, हे पाहता वर्षातून एक शिबिर अपुरे आहे. लोहाच्या गोळ्या मात्र मिळतात, आणि त्या चहाबरोबर घेऊ नका हेही आवर्जून सांगितले जाते.

आता दाराविषयी. बाह्यरुग्ण विभाग सकाळी दहा ते एक आणि दुपारी चार ते सहा उघडा असतो, म्हणजे नेमका तासिका आणि प्रात्यक्षिकांच्या वेळी. रात्री ताप चढला तर रेक्टरना उठवून रिक्षा शोधण्यावाचून गत्यंतर नाही. त्यातच सत्राच्या शेवटी 75 टक्के हजेरी न भरलेल्या धडधाकट मुलांची ‘मेडिकल’साठी झुंबड उडते आणि खरोखर फणफणलेला मुलगा त्यांच्या मागे भिंतीला टेकून बसतो. याचा दोष केंद्राला देता येणार नाही. दोन दिवसांच्या तापासाठीही विभाग शिक्क्याचा कागद मागत असतील, तर दवाखान्याचे दाखला कार्यालय होणारच. दाखल्यांसाठी वेगळी वेळ ठेवली, तरी निम्मी गर्दी हटेल.

सर्वांत कमी वापर होतो तो समुपदेशनाचा, आणि येथे माझी नाराजी स्पष्ट नोंदवतो. समुपदेशक मॅडम आठवड्यातून दोनच दिवस येतात. त्यांची खोली आरोग्य केंद्रात नसून प्रशासकीय इमारतीत, शिष्यवृत्तीच्या खिडकीला लागून आहे. अर्जातल्या त्रुटी दुरुस्त करायला उभी असलेली सगळी रांग आत कोण जाते ते पाहत असते. दाराशी उघडी नोंदवही असते; तिच्यात नाव, विभाग आणि ‘भेटीचे कारण’ असे रकाने आहेत. तिसऱ्या रकान्यात बहुतेकांनी ‘अभ्यास’ लिहिले आहे, आणि ते साहजिक आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 ने उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. हा रकाना त्या हक्काच्या विरुद्ध जातो. 100 किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये सांगितले आहे. कागदोपत्री आमचे विद्यापीठ त्यात बसते; पण हजारो विद्यार्थ्यांमागे दोन दिवस ही पूर्तता नव्हे. आत गेल्यावरचा अनुभव मात्र उत्तम आहे. मॅडम उपदेश करत नाहीत, घाई करत नाहीत आणि गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी देतात.

नव्याने येणाऱ्यांनी अंगावर दुखणे न काढता चार वाजता, दार उघडतानाच केंद्रात पोहोचावे; त्या वेळी रांग सर्वांत लहान असते. खरूज, ताप, पोटाचे विकार आणि जखमेचे ड्रेसिंग यांसाठी बाहेर पैसे घालवण्याची गरज नाही. दातांसाठी आणि डोळ्यांसाठी मात्र येथे सोय नाही. समुपदेशकांची वेळ ईमेलवर मागता येते. तशी घेतल्यास वहीत लिहावे लागत नाही, ही गोष्ट सूचनाफलकावर कोठेही लावलेली नाही. रात्री-अपरात्री बोलण्याची गरज भासली, तर केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास सुरू असते आणि तेथे मराठीतून बोलता येते.